एका रँचला सरकारी योजना कशा मिळाल्या: नेब्रास्काच्या सँडहिल्समधला प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर आणि पश्चिम भागात सँडहिल्स हा वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. क्षेत्रफळ सुमारे 50 हजार चौरस किलोमीटर. टेकड्या हिरव्या दिसतात, पण गवताच्या मुळांखाली निव्वळ वाळू आहे. इथे नांगर घातला की जमीन उडून जाते, हे शंभर वर्षांपूर्वी आलेल्या वसाहतवाल्यांनी अनुभवलं. म्हणून इथला मुख्य धंदा एकच, गाई पाळणं आणि वासरं विकणं.

या प्रकरणातलं जोडपं तिथलंच आहे. ओळख पटू नये म्हणून काउंटीचं (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचं) नाव, नेमकं क्षेत्र आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. त्यांच्या कागदपत्रांच्या कामात मी मदतीला होते, त्यामुळे बरंचसं जवळून पाहिलं.

त्यांच्याकडे सुमारे 3,400 एकर कुरण आणि पावणेदोनशेच्या आसपास गाई. जमिनीचे तीन भाग होते. एक त्यांनी कर्ज काढून घेतलेला. दुसरा 640 एकरांचा, शाळांच्या निधीसाठी राज्याने राखून ठेवलेल्या जमिनीपैकी, रीतसर भाडेपट्ट्यावर. तिसरा नवऱ्याच्या वडिलांचा. वडील गेल्यावर तो चार भावंडांच्या नावे आला, वाटणी झालेली नव्हती, आणि "तूच चार तुझ्या गाई" एवढ्या तोंडी बोलण्यावर सगळं चाललं होतं. हा तिसरा भाग पुढे प्रत्येक टप्प्यावर आडवा आला.

अडचण काय होती

सगळ्यात मोठ्या कुरणात पाण्याची जागा एकच होती, एका कोपऱ्यातली जुनी पवनचक्की आणि तिच्याखालचा हौद. उन्हाळ्यात गाई पाण्यापासून फार लांब जात नाहीत. त्यामुळे हौदाजवळचं गवत मुळापर्यंत खाल्लं जायचं आणि दीड मैलावरचं गवत उभ्या उभ्या वाळायचं. हौदाभोवती खुरांनी जमीन उघडी पडली, वाऱ्याने तिथली वाळू उचलायला सुरुवात केली आणि काही वर्षांत एक खोलगट खड्डा तयार झाला. स्थानिक लोक त्याला ब्लोआउट म्हणतात. असा खड्डा वाऱ्याच्या दिशेने सरकत वाढतो आणि कडेचं चांगलं गवतही वाळूखाली गाडत जातो.

त्यात 2022 चा दुष्काळ आला. जूनपासूनच गवत वाढेना. चारा विकत आणावा लागला, तो महाग होता, आणि काही गाई वेळेआधी विकाव्या लागल्या. तोवर या कुटुंबाने कुठल्याही सरकारी योजनेचा पैसा घेतला नव्हता. वडिलांचं मत होतं की सरकारचा पैसा घेतला की सरकार कुंपणाच्या आत येतं. मुलाच्या मनातही ते थोडं होतंच.

सून मात्र रात्री जागून इंटरनेटवर शोधत बसायची. पहिले दोन महिने त्यातून काही हाती लागलं नाही. "मोफत सरकारी ग्रँट" असं लिहिलेल्या जाहिराती पुष्कळ. त्यातल्या एकाने योजनांची यादी देण्यासाठी पैसे मागितले. केंद्र सरकारच्या ग्रँटच्या संकेतस्थळावर जे होतं ते बहुतेक संस्था, विद्यापीठं आणि स्थानिक शासनांसाठी. एकट्या पशुपालकाला लागणारी मदत तिथे ग्रँट या नावाने सहसा नसतेच. ती कृषी खात्याच्या काउंटी पातळीवरच्या सर्व्हिस सेंटरमधून, करार किंवा भरपाईच्या रूपात मिळते आणि अर्जाला एक पैसाही लागत नाही. ही एवढी एक गोष्ट कळली असती तरी दोन महिने वाचले असते.

एका इमारतीतली दोन कार्यालयं

सर्व्हिस सेंटरमध्ये एकाच छताखाली दोन वेगळी खाती बसतात. एक एफएसए, म्हणजे फार्म सर्व्हिस एजन्सी. जमिनीची नोंद, पात्रता, दुष्काळाची भरपाई, कर्जं आणि सीआरपी ही मोठी संवर्धन योजना त्यांच्याकडे. दुसरं एनआरसीएस, नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवा. 1930 च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर 1935 मध्ये मृदसंधारण सेवा म्हणून हे खातं स्थापन झालं आणि 1994 मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. कुरणात येऊन पाहणी करणारे, पाइपलाइनचा आराखडा काढणारे, इक्विप आणि सीएसपी या योजना चालवणारे ते हेच.

नवख्या माणसाला हा फरक कोणी सांगत नाही. हे जोडपं पहिल्यांदा गेलं तेव्हा थेट एनआरसीएसच्या टेबलापाशी गेलं आणि म्हणालं, "आम्हाला पाइपलाइनसाठी अनुदान हवंय." समोरच्याने विचारलं, "फार्म नंबर आहे का?" तो नव्हता. आपल्याकडे सातबाऱ्याशिवाय जसं शेतीचं काम पुढे सरकत नाही, तसं तिथे एफएसएच्या फार्म नंबरशिवाय. त्यासाठी जमिनीचं खरेदीखत किंवा भाडेपट्टा लागतो, ओळखपत्र लागतं. पुढे पात्रतेचे फॉर्म असतात: धूप होणारी जमीन आणि पाणथळ जागा मोडणार नाही असं सांगणारा एडी-1026, सरासरी उत्पन्न 9 लाख डॉलरच्या आत असल्याचा सीसीसी-941, आणि धंदा कोण, कसा चालवतं हे सांगणारा सीसीसी-902.

पहिल्या दोन भागांचे कागद आठवड्यात जमले. वडिलांच्या जमिनीचे जमेनात.

पहिला निर्णय: आधी कुठल्या टेबलावर

मनात पाइपलाइन होती, पण हातातून वेळ निसटत होती ती दुष्काळाच्या भरपाईची. एलएफपी ही चराईच्या नुकसानीची योजना आहे. ती अमेरिकेच्या ड्रॉट मॉनिटरवर चालते. 1999 पासून दर आठवड्याला, गुरुवारी, प्रसिद्ध होणारा हा दुष्काळाचा नकाशा, आणि त्यामागचं राष्ट्रीय केंद्र नेब्रास्का विद्यापीठातच, लिंकनला आहे. तेव्हाच्या नियमानुसार चराईच्या हंगामात काउंटीत सलग आठ आठवडे डी2 म्हणजे तीव्र दुष्काळ राहिला तर एका महिन्याची भरपाई. हंगामात कधीही डी3 म्हणजे अतितीव्र दुष्काळ लागला तर तीन महिन्यांची. त्यांच्या काउंटीत 2022 मध्ये डी3 लागला होता.

रक्कम चाऱ्याच्या ठरीव मासिक खर्चाच्या 60 टक्के. खर्च मात्र दोन प्रकारे मोजतात, जनावरांच्या संख्येवर आणि कुरणाच्या चराई क्षमतेवर, आणि त्यातला कमी आकडा धरतात. म्हणजे कुरणाची नोंद जितकी अपुरी तितकी भरपाई कमी. त्यांनी चराईच्या क्षेत्राची वार्षिक नोंद कधी केलीच नव्हती, कारण पीकच नाही तर नोंद कसली, असं त्यांना वाटायचं. उशिरा नोंद करायची सोय होती, शुल्क भरून. अर्जाची शेवटची तारीख होती 30 जानेवारी 2023.

इथे त्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. पाइपलाइनचा विषय तीन आठवडे पूर्ण बाजूला ठेवला आणि एफएसएचं टेबल धरलं. गाईंची संख्या सिद्ध करायला लसीकरणाच्या पावत्या, विक्रीच्या पट्ट्या आणि नेब्रास्काच्या ब्रँड तपासणीचे, म्हणजे गुरांवर डागलेल्या मालकीच्या खुणेच्या तपासणीचे, कागद कामी आले. वडिलांच्या जमिनीसाठी नवऱ्याने भावंडांना फोन केले आणि तोंडी व्यवहाराचा कागद केला. दोन बहिणींनी लगेच सही केली. भाऊ दुसऱ्या राज्यात राहतो. त्याला वाटलं जमीन हातची जाते की काय. त्याची सही यायला जवळजवळ पूर्ण डिसेंबर गेला. अर्ज मुदतीत गेला, पैसे आले, आणि त्यातून हिवाळ्याच्या चाऱ्याची उधारी फिटली.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद हा भावंडांच्या सह्यांचा भाडेपट्टा आहे. योजना बदलतात, नियम बदलतात. पण जमिनीवर आपला ताबा किती वर्षांचा आहे हे दाखवता आलं नाही तर कुठल्याच टेबलावर काम होत नाही. 2018 च्या फार्म बिलाने, म्हणजे केंद्राच्या शेती कायद्याने, वारसांच्या अविभक्त जमिनीसाठी पर्यायी कागदांवर फार्म नंबर देण्याची वाट खुली केली आहे. पण लांब मुदतीच्या संवर्धन कराराला कराराच्या काळापुरता ताबा दाखवावाच लागतो. म्हणून त्यांनी भाडेपट्टा दहा वर्षांचा केला.

समोरचे पर्याय

कुरणासाठी पर्याय पाहायला बसलो तेव्हा यादी लांब होती. खरा कस चार ठिकाणी लागला.

इक्विप ही 1996 च्या कायद्यातून आलेली योजना कामाच्या खर्चात वाटा देते: कुंपण, पाइपलाइन, हौद, विहीर, नियोजित चराई. तिच्या निधीतला किमान निम्मा पशुधनाशी संबंधित कामांसाठी राखलेला असतो. ऑगस्ट 2022 च्या महागाई नियंत्रण कायद्याने तिला 8.45 अब्ज डॉलर जादा दिले, त्यामुळे त्या काळात अर्ज करणं सोयीचं होतं. अडचणी दोन. पैसे काम पूर्ण झाल्यावर, तपासणीनंतर मिळतात; आणि ते बिलावर नसून ठरीव दराने, म्हणजे फुटामागे इतके, हौदामागे इतके. पाइप महागला तर फरक आपल्या खिशातून.

सीआरपी ग्रासलँड्समध्ये जमीन 10 किंवा 15 वर्षं गवताखालीच ठेवायचा करार करायचा, दर वर्षी भाडं मिळतं, चराई चालू राहते. सँडहिल्समधल्या माणसाला हे जवळजवळ न मागता मिळाल्यासारखं, कारण तो नांगरणार नाहीच. जोडप्याला वडिलांच्या जमिनीसाठी हीच योजना हवी होती. भावाने नकार दिला. 15 वर्षांत जमीन विकायची वेळ आली तर, हा त्याचा प्रश्न रास्त होता. मग त्यावर जोर दिला नाही.

सीएसपी हा पाच वर्षांचा, संपूर्ण रँचचा करार. आधीच नीट जोपासना करणाऱ्याला पुढच्या पायरीसाठी पैसे मिळतात. उघड्या पडलेल्या हौदाची आणि वाढत्या ब्लोआउटची अवस्था पाहता ती पायरी अजून लांब होती.

चौथी वाट केंद्र सरकारच्या मत्स्य व वन्यजीव सेवेची. खाजगी जमिनीवर अधिवास सुधारण्यासाठी तिची 1987 पासूनची भागीदारी योजना आहे, त्यात कागद कमी आणि लवचिकता जास्त, रक्कमही लहान. शिवाय नेब्रास्कात 1972 पासून एनआरडी नावाची नैसर्गिक संसाधन मंडळं आहेत, आज 23, पाणलोटांच्या हद्दींवर आखलेली. ती झाडांचे वाराबंध लावायला, जुन्या पडीक विहिरी बुजवायला मदत करतात. ब्लोआउटच्या कामाला त्यांचा थेट उपयोग नव्हता, पण एक जुनी विहीर त्यांच्याच वाट्याने बंद झाली.

दुसरा निर्णय: नवोदित म्हणून अर्ज करायचा का

इक्विपमध्ये नवोदित, मर्यादित साधनांच्या आणि काही इतर गटांतल्या पशुपालकांना चढा दर मिळतो आणि कामाआधी किमान निम्मी उचलही मिळू शकते. ज्याच्या हातात रोख नाही त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. नवोदित म्हणजे सलग 10 वर्षांपेक्षा जास्त काळ धंदा न केलेला. पत्नी सात वर्षांपूर्वी रँचवर आली, ती बसत होती. पतीने शाळा संपल्यावरच दहा-बारा गाई स्वतःच्या नावाने ठेवल्या होत्या. त्यांच्या कातडीवरचा डाग त्याच्या नावे नोंदलेला, आणि आयकराचा शेतीचा फॉर्मही तेव्हापासून भरलेला. एकत्र धंदा असेल तर सगळ्यांनी निकष पुरा करायला हवा.

कोणीतरी सुचवलं, अर्ज फक्त पत्नीच्या नावाने करा. कागदावर ते जमलं असतं. पण जमीन, कर्ज, गाई सगळं दोघांचं असताना योजनेपुरतं एकीचं दाखवायचं म्हणजे खोटं लिहून देणं. उघड झालं तर मिळालेलं परत करावं लागतं आणि इतर योजनांचीही दारं बंद होऊ शकतात. पत्नीनेच हे नाकारलं. सर्वसाधारण दराने अर्ज केला. जास्त पैशांवर पाणी सोडायला त्यांना जड गेलं, पण मला अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो.

तिसरा निर्णय: थांबायचं

2023 च्या वसंतात पाइप विकणाऱ्याने चांगली सूट देऊ केली, शेजाऱ्याचं खोदयंत्रही रिकामं होतं. नवरा म्हणाला, पाइप तर टाकायचाच आहे, आत्ता टाकू. इक्विपचा सर्वांत कडक नियम इथे आडवा आला: करारावर सह्या होण्याआधी सुरू केलेल्या कामाला पैसे नाहीत. आधी सुरुवात करायची लेखी सवलत मागता येते, तीही मंजूर झाल्यावरच काम, आणि तिच्यात पैशांची हमी नाही.

शिवाय जमीन खोदण्याआधी दोन तपासण्या व्हाव्या लागतात. एक, पुरातन अवशेषांची. दुसरी, संकटातल्या प्रजातींची. सँडहिल्समध्ये ही दुसरी नावापुरती नसते: इथे अमेरिकन बरिंग बीटल हा मेलेले लहान प्राणी जमिनीत पुरणारा भुंगेरा राहतो, आणि ब्लोआउट पेन्स्टेमन ही निळसर फुलांची दुर्मीळ वनस्पती तर उघड्या वाळूतच उगवते. जो खड्डा बुजवायचा, तोच तिचं घर असू शकतो. त्यांच्या कुरणात ती नव्हती, पण पाहणी होईपर्यंत खड्ड्याला हात लावता आला नाही.

ते थांबले. सूट गेली.

अर्ज एकदा मागे पडला

पहिल्या फेरीत अर्ज मंजूर झाला नाही. इक्विपचे अर्ज वर्षभर घेतात, पण राज्य ठरवेल त्या तारखेला जमलेल्या अर्जांची क्रमवारी लागते आणि पैसा पुरेल तिथपर्यंतचे घेतले जातात. यांचा अर्ज म्हणजे तिन्ही भागांवरच्या हव्या असलेल्या वस्तूंची यादी होती: इतके मैल कुंपण, इतके हौद.

एनआरसीएसच्या नियोजकाने त्यानंतर त्यांच्याबरोबर सबंध कुरण पायी पाहिलं. पाण्यापासूनचं अंतर वाढत जाईल तसं गवताची उंची आणि जाती कशा बदलतात, हे जागोजागी वाकून मोजलं. हौदाजवळ सँड ब्लूस्टेमसारखी उंच, गाईंना आवडती गवतं जवळजवळ संपलेली आणि लांब ती भरपूर, असं चित्र दिसलं. नवऱ्याचा सरकारबद्दलचा आकस त्या दिवशी निवळला असं मला वाटतं, कारण समोरचा माणूस त्याच्याच कुरणाबद्दल त्याला ठाऊक नसलेलं काही सांगत होता. हे तांत्रिक मार्गदर्शन फुकट असतं आणि त्यासाठी कुठल्या योजनेत शिरावं लागत नाही. माझी तळमळ हीच आहे की लोक इथून सुरुवात करत नाहीत.

दुसरा अर्ज एकाच मोठ्या कुरणापुरता केला. त्यात अडचण आधी लिहिली, म्हणजे चराईचं असमान वाटप, पाण्याचा अभाव, वाऱ्याने होणारी धूप. आणि वस्तू त्या अडचणींच्या उत्तरादाखल आल्या. नियोजित चराईची अटही स्वीकारली. या वेळी मंजुरी मिळाली.

काम आणि पैशांची सांगड

करार झाल्यावर आधी पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होता. एफएसएचं 50 हजार डॉलरपर्यंतचं छोटं कर्ज पाहिलं, पण त्यांच्या बँकेने करार पाहून हंगामी कर्जाची मर्यादा वाढवून दिली. काम दोन टप्प्यांत केलं, पाइपलाइन आणि हौद आधी, तपासणी झाली, पैसे आले, मग त्यातून कुंपण.

प्रत्येक हौदात जाळीची उतरती शिडी बसवली. पाण्यात पडलेले पक्षी आणि लहान प्राणी तिच्यावरून बाहेर येतात. मानकांत ती सक्तीची आहे. नवऱ्याला आधी हा नसता खर्च वाटला. मेलेल्या पक्ष्यांनी पाणी घाण होणं थांबलं तेव्हा त्याने जुन्या हौदांनाही शिड्या लावल्या. कुंपणाची सर्वांत खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून 16 इंचांवर, कारण प्रॉन्गहॉर्न हरणं उडी न मारता खालून जातात.

ब्लोआउटला कुंपण घातलं आणि हिवाळ्यात थोडे दिवस मुद्दाम आत जुना वाळका चारा पसरला. गाईंनी तो तुडवला, शेण पडलं, चाऱ्यातलं बी वाळूत दाबलं गेलं. ही इथल्या जुन्या रँचवाल्यांची रीत आहे. पुढच्या उन्हाळ्यात खड्ड्याच्या कडेने गवत धरलं. मध्यभाग अजून उघडाच आहे.

निष्पत्ती

मोठ्या कुरणाचे तीन भाग झाले, गाई आलटून पालटून फिरतात, लांबचं गवत वापरात आलं. पाइपच्या दरातला फरक त्यांना स्वतः सोसावा लागला. कर भरायच्या वेळी कृषी खात्याचा 1099-जी फॉर्म आला तेव्हा एक धक्का बसला: हे पैसे उत्पन्नात धरतात. करसल्लागाराने खर्च आणि घसारा दाखवून भार कमी केला, पण करारावर सही करण्याआधी त्याच्याकडे गेले असते तर दोन टप्प्यांचे पैसे एकाच करवर्षात आले नसते.

कुंपण, पाइपलाइन, हौद यांची ठरीव आयुर्मर्यादा 20 वर्षांची आहे. तेवढा काळ ते नीट राखायची जबाबदारी त्यांची. दहा वर्षांचा भाडेपट्टा संपला की भावंडांशी पुन्हा बोलावं लागेल, हे ओळखून त्यांनी या करारातली सगळी कामं स्वतःच्या आणि शाळेच्या जमिनीवर बसवली. शाळेच्या जमिनीवर राज्याची लेखी संमती आधी घेतली.

काय वेगळं करता आलं असतं

फार्म नंबर आणि कुरणाची वार्षिक नोंद ही कामं ओल्या वर्षात, गरज नसताना करून ठेवायला हवी होती. दुष्काळात एफएसएच्या टेबलासमोर रांग असते. भावाशी बोलणं सह्यांच्या घाईत फोनवर झालं. वडील असताना, निदान ते गेल्या वर्षी, चौघांनी बसून ठरवलं असतं तर सीआरपी ग्रासलँड्सचा दरवाजा कदाचित बंद झाला नसता. पहिला अर्ज नियोजकाने कुरण पाहण्याआधी टाकला गेला, तिथे एक वर्ष गेलं.

सध्या त्यांची नोंदवही सुरू आहे: कुठल्या भागात कुठल्या तारखेला गाई शिरल्या, कधी निघाल्या, मागे गवत किती उरलं. सीएसपीच्या अर्जाला तीच लागेल. तो अर्ज येत्या फेरीत जाणार आहे.